आधी पान उलटून पाहा

पहाटे पुण्यात स्वारगेटच्या जेधे चौकात उभे राहिले की टोमॅटोच्या क्रेटांनी भरलेले टेम्पो गुलटेकडीच्या मार्केट यार्डाकडे वळताना दिसतात. जुन्नर, खेड, पुरंदर, असा जिल्हाभरातला माल. एवढा टोमॅटो दाराशी उतरत असताना मुकुंदनगरात, शंकरशेट रस्त्याच्या सोसायट्यांत, पर्वतीच्या पायथ्याशी लोक तो कुंडीत का लावतात, याचे उत्तर हिशेबात शोधू नये. २०२३च्या जुलैत किरकोळ भाव किलोला शंभराच्या पुढे गेला, तेवढे काही आठवडे हिशेबही जुळला असेल. एरवी हा हौसेचाच मामला.

या हौसेची एक ठरलेली तक्रार आहे. रोप छान वाढले, फुले धरली, आणि मग त्यावर ‘काहीतरी पडले’. मग माणूस एक सुकलेले पान खिशात घालून दुकानात जातो, दुकानदार पानाकडे पाहतो न पाहतो आणि एक बाटली पुढे करतो. बाटलीने कधी गुण येतो, बहुधा येत नाही. दोष बाटलीचा असतोच असे नाही. कुंडीतल्या टोमॅटोत जे बिघडते, त्यातले बरेचसे मुळात रोगच नसते. पाणी, ऊन आणि खताचा तो गोंधळ असतो. जे खरे रोग असतात, त्यांतल्या काहींना जगात कुठेच औषध नाही. उरलेल्या थोड्यांना फवारणी लागू पडते, पण तीही वेळेत झाली तर. हे तीन गठ्ठे वेगळे करता आले की निम्मे काम झाले. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. सकाळची वेळ, एक साधे भिंग आणि एक पांढरा कागद एवढे पुरते.

सकाळच का, तर उन्हाने पाने मलूल होण्याआधी रोपाची खरी स्थिती दिसते आणि बुरशीची लव दव असेपर्यंतच स्पष्ट असते. पाहण्याचा क्रम ठरवून घ्यावा. पहिला प्रश्न: सुरुवात कुठून झाली? खालच्या जून पानांपासून वर चढत असेल तर बहुधा करपा किंवा अन्नद्रव्याची कमतरता. शेंड्याकडच्या कोवळ्या पानांत सुरू झाले असेल तर विषाणू किंवा रस शोषणारी कीड. दुसरा प्रश्न: एकाच रोपाला आहे की सगळ्यांना? रोग एका रोपात शिरतो, मग शेजारच्याकडे जातो. त्याला दिवस लागतात. सगळ्या कुंड्यांवर एकाच दिवशी एकसारखे लक्षण उमटले, तर रोगाचा संशय सोडून द्या आणि काल-परवा काय केले ते आठवा. खत जास्त पडले का, भर दुपारी फवारले का, तेलात साबण जास्त झाला का? तिसरे, पान उलटा. टोमॅटोच्या पानाची खरी हकिगत पाठीमागे लिहिलेली असते आणि बहुतेक लोक पुढची बाजूच पाहतात. चौथे, बोट पेरभर मातीत घाला. पाचवे, शेंडा पांढऱ्या कागदावर हलकेच झटका. कागदावर बारीक, लांबट, पिवळसर रेघा पळू लागल्या तर ते फुलकिडे. टाचणीच्या टोकाएवढे लालसर ठिपके चालू लागले तर कोळी.

कोळ्याचा उल्लेख आलाच आहे तर स्वारगेटच्या धुळीबद्दल बोलले पाहिजे. एसटी स्थानक, उड्डाणपूल आणि त्यात भुयारी मेट्रोचे वर्षानुवर्षे चाललेले खोदकाम. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट ही मेट्रो २९ सप्टेंबर २०२४ला सुरू झाली, तरी रस्त्याकडेच्या गच्च्यांवरची धूळ काही संपलेली नाही. धुळीने माखलेल्या पानावर लाल कोळी जोमाने वाढतो, कारण त्याला खाणारे मित्रकीटक तिथे कमी टिकतात. पानावर सुईने टोचल्यासारखे फिकट ठिपके, मग तांबूसपणा आणि पाठीमागे अगदी विरळ जाळे, ही त्याची खूण. उन्हाळ्यात हमखास. लोक याला करपा समजून बुरशीनाशक मारतात आणि कोळी तसाच राहतो. उपाय अगदी साधा: सकाळी पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या पाठीवर, तीन-चार दिवसांच्या अंतराने. त्यानेही न हटल्यास कडुनिंबाचे तेल.

आता जे रोग नाहीत त्यांच्याकडे. यांत अव्वल नंबर फळाच्या बुडाशी पडणाऱ्या काळ्या, चपट्या, चामड्यासारख्या डागाचा. देठाकडची बाजू उत्तम आणि खालचा भाग कुजल्यासारखा. पहिल्या घोसातल्या फळांवर हे जास्त दिसते आणि घरचे म्हणतात, अळी लागली. अळी नाही, बुरशीही नाही. फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचले नाही, एवढाच अर्थ. मातीत कॅल्शियम नसते असे नव्हे. ते पाण्याबरोबरच मुळांतून वर जाते, आणि पाणी कधी भरपूर कधी शून्य असे झाले की फळाच्या टोकाला तोटा पडतो. पुण्यात ज्यांच्या नळाला गुरुवारी पाणी नसते आणि बुधवारी रात्री जे बादलीभर ओतून मोकळे होतात, त्यांच्या कुंडीत हा डाग दिसला तर नवल नाही. फळे तडकण्याचे कारणही तेच. अंड्याची टरफले कुस्करून घालण्याचा सल्ला सगळीकडे फिरतो. ती विरघळून मुळांना मिळेपर्यंत हंगाम उलटून जातो, तेव्हा त्यावर भिस्त ठेवू नये. कुंडी निदान पंधरा-वीस लिटर मातीची असावी, वर पालापाचोळ्याचे दोन बोटे आच्छादन असावे आणि पाणी रोज ठरल्या वेळी, थोडे थोडे द्यावे. डाग पडलेली फळे तोडून टाका. पुढची फळे आपोआप चांगली येतात.

खालची जून पाने वरच्या बाजूला नळीसारखी वळणे हेही बहुधा उन्हाचे किंवा फार छाटणीचे लक्षण. पान हिरवेगार, जाडसर, वाढ चालू आणि शेंडा निरोगी असेल तर त्याला हात लावू नका. एप्रिल-मे महिन्यात फुले गळतात, तीही रोगाने नव्हे. दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या पुढे गेले आणि रात्रही तापलेली राहिली की परागकण निकामी होतात आणि फुलाचा देठ सुटतो. काँक्रीटची गच्ची रात्रभर उष्णता सोडत असते, त्यामुळे कुंडीतल्या रोपाला ही झळ जमिनीतल्या रोपापेक्षा जास्त बसते. यावर टॉनिक विकणारे पुष्कळ भेटतील. हिरवी जाळी बांधा किंवा सरळ हंगाम सोडून द्या. पश्चिमेकडच्या फळांवर पांढुरके, पातळ चट्टे आले तर तो उन्हाचा चटका. त्या बाजूची पाने छाटू नयेत एवढाच धडा.

पिवळेपणाचे वाचन थोडे नाजूक आहे. खालची पाने एकसारखी पिवळी पडत असतील तर नत्र कमी. खालच्याच पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम. तेच चित्र वरच्या नव्या पानांत असेल तर लोह. टँकरचे किंवा बोअरचे क्षारांचे पाणी वर्षानुवर्षे घातलेल्या मातीत ते दिसते, कुंडीच्या कडेला पांढरा थर असेल तर जास्तच. तिन्हींत पिवळेपणा ठिपक्यांनी नाही, तर एकसारखा किंवा शिरांच्या हिशेबाने येतो, ही रोगापासून वेगळी खूण.

रोप मान टाकते तेव्हा माणूस सर्वांत जास्त घाबरतो, आणि चूकही तिथेच सर्वांत जास्त होते: लगेच पाणी घातले जाते. आधी माती पाहा. कोरडी असेल तर प्रश्नच मिटला. माती ओली आणि रोप मलूल असेल, तर मुळे पाणी ओढू शकत नाहीत असा अर्थ. आणखी पाणी म्हणजे आणखी कुज. कुंडीच्या तळाची भोके मोकळी आहेत का ते तपासा, मुळे तपकिरी आणि मऊ असतील तर ती कुजली.

दुपारी मलूल आणि संध्याकाळी ताठ असे रोज चालले असेल तर कुंडी लहान आहे किंवा मुळांत सूत्रकृमी आहेत. रोप उपटल्यावर मुळांवर मण्यांसारख्या गाठी दिसतात. भुईमुगाच्या मुळांवरच्या गाठी आपल्याला ठाऊक असतात आणि त्या चांगल्या असतात म्हणून टोमॅटोच्याही चांगल्या असतील असे काहींना वाटते. टोमॅटोला तशा गाठी येत नाहीत. आल्या असतील तर ते सूत्रकृमीच. ही माती पुढच्या टोमॅटोला वापरायची नाही. तिच्यात निंबोळी पेंड मिसळून एक हंगाम झेंडू लावा.

एका बाजूची पाने पिवळी, दुसरी बाजू हिरवी, आणि बुंध्याची साल खरवडली की आत तपकिरी रेघ, अशी रचना बुरशीच्या मर रोगाची. आणि काल संध्याकाळपर्यंत ठणठणीत असलेले रोप आज हिरवेच्या हिरवे कोसळले, तर जिवाणूची मर. या शेवटच्या शंकेसाठी एक सुंदर चाचणी आहे, जी शेतकरी शेतातच करतात. बुंध्याजवळचा दोन-तीन इंचांचा तुकडा धारदार सुरीने कापा आणि स्वच्छ पाण्याने भरलेल्या काचेच्या पेल्यात, कापलेले तोंड पाण्यात राहील असा, न हलवता धरा. काही मिनिटांत त्या तोंडातून दुधट, पांढरे धागे खाली उतरू लागले तर ते जिवाणूंचे लोंढे आहेत. धागे नाहीत, तर बहुधा जिवाणू नाही. मर कोणतीही असो, ते रोप वाचत नाही. रोप मातीसकट काढा. सुरी आणि कात्री साबणाने धुवून उन्हात ठेवा. त्या कुंडीचे पाणी ज्या कुंडीत ओघळत होते, तिच्यावरही नजर ठेवा, कारण जिवाणू पाण्यातून चालतो.

करप्याला मात्र सविस्तर वेळ दिला पाहिजे. एकाच नावाखाली दोन वेगळे रोग वावरतात. त्यांची घाई वेगळी आहे.

लवकर येणारा करपा म्हणजे अल्टरनेरिया बुरशीचा. खालच्या जून पानावर तपकिरी डाग, डागात एकात एक वर्तुळे, भोवती पिवळी कडा. उबदार हवा आणि ओले पान त्याला मानवते, म्हणून पावसाळ्यात आणि पावसाळा सरताना तो हमखास दिसतो. बीजाणू मातीत, जुन्या पाल्यात असतात आणि पाणी घालताना मातीचा शिंतोडा उडाला की खालच्या पानावर बसतात. यावरून उपायही सुचतो. रोप हातभर झाले की जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंतची पाने काढून टाका, मातीवर आच्छादन घाला, झारीने डोक्यावरून पाणी घालणे बंद करा आणि काठीला बांधून रोप उभे ठेवा, म्हणजे वारा खेळेल. डागाळलेली पाने कोरड्या दुपारी खुडा. ओल्या पानांना हात लावला की आपणच बीजाणू वाटत फिरतो. हा करपा संथ असतो. दोन-चार पाने गेली म्हणून फवारणीला धावू नये. रोप फळ देत राहते.

उशिरा येणारा करपा मात्र वेगळ्याच जातकुळीचा. फायटोफ्थोरा नावाच्या या जीवाने १८४५मध्ये आयर्लंडची बटाट्याची शेती बुडवली आणि तिथे भीषण दुष्काळ पडला. टोमॅटो बटाट्याचा भाऊबंद, तेव्हा त्यालाही तो सोडत नाही. त्याला थंडी आणि ओल एकत्र हवी असते. पुण्यात हे डिसेंबर-जानेवारीत घडते, तेही थंडीच्या कोरड्या, निरभ्र आठवड्यात नव्हे, तर मध्येच आभाळ भरून येते, सकाळी धुके असते, एखादी सर पडते तेव्हा. पानाच्या कडेला उकडल्यासारखा, पाण्याने भिजल्यासारखा करडा-हिरवा चट्टा उठतो. वर्तुळे नसतात. चट्टा बोटभर होतो, खोडावर काळपट-तपकिरी पट्टे येतात, हिरवी फळे घट्ट राहूनच तपकिरी, तेलकट होतात. शनिवारी दोन चट्टे दिसले तर पुढच्या शनिवारी रोप गेलेले असू शकते.

दोन्हींत शंका असेल तर घरीच तपासा. डबा घ्या, तळाशी ओला कागद पसरा, त्यावर संशयित पान पाठ वर करून ठेवा, झाकण लावा आणि रात्रभर थंड जागी राहू द्या. सकाळी चट्ट्याच्या कडेने पांढरी, विरळ लव उगवली असेल तर तो उशिरा येणाराच करपा. मग दयामाया नको. एकाच रोपावर दोन-तीन पानांत असेल तर ती पाने पिशवीत खुडून घ्या आणि उरलेल्या सगळ्या निरोगी पानांवर, दोन्ही बाजूंनी, बुरशीनाशक फवारा. खोडावर उतरला असेल तर रोप पिशवीत गुंडाळून काढा. बीजाणू वाऱ्याबरोबर दूरवर जातात, तेव्हा आपली एक कुंडी ही साऱ्या सोसायटीची बाब असते. कंपोस्टच्या टोपलीत कोंब फुटलेले बटाटे पडले असतील तर तेही पाहा. रोग त्यांच्यातही मुक्काम करतो.

फवारायचे काय? बोर्डो मिश्रण अजूनही चांगले आहे आणि त्याची जन्मकथाही मजेशीर आहे. फ्रान्समधल्या बोर्डो भागात रस्त्याकडेची द्राक्षे चोरीला जाऊ नयेत म्हणून बागवाले वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत, आणि नेमक्या त्याच वेली केवडा रोगातून वाचल्याचे मिलार्दे या शास्त्रज्ञाच्या नजरेस पडले. १८८५मध्ये त्याने हे मिश्रण जगापुढे मांडले. घरच्यासाठी एक लिटर पुरते. प्लास्टिकच्या एका मगात अर्धा लिटर पाण्यात १० ग्रॅम मोरचूद, दुसऱ्यात अर्ध्या लिटरमध्ये १० ग्रॅम कळीचा चुना विरवून गाळलेला. दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओता आणि ढवळत राहा. धातूचे भांडे नको. मग लोखंडी खिळा किंवा चाकू त्यात मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे. थोडी निवळी वाढवा. कोवळ्या रोपाला निम्म्या ताकदीने वापरा. त्याच दिवशी संपवा; उरलेले दुसऱ्या दिवशी चालत नाही. ज्यांना हा खटाटोप नको, त्यांना कॉपर ऑक्सिक्लोराईड किंवा मॅन्कोझेब मिळते, दोन्ही लिटरला साधारण अडीच ग्रॅम. पण ही सारी औषधे बुरशी पानात शिरण्याआधी पानावर असली पाहिजेत. शिरलेल्या बुरशीला ती बाहेर काढत नाहीत, म्हणून चट्टा वाळला नाही याचा अर्थ औषध खोटे असा होत नाही. नवा चट्टा थांबला का, ते पाहायचे. पाकिटावर काढणीआधी किती दिवस थांबायचे ते छापलेले असते. ते वाचा. पाकिटावरच्या चौकोनातला रंगही पाहा: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. चार कुंड्यांसाठी लाल खुणेचे औषध घरात आणून लहान मुलांच्या हाताच्या अंतरावर ठेवणे हा माझ्या मते टोमॅटोच्या कुठल्याही रोगापेक्षा मोठा धोका आहे.

प्रतिजैविकांबद्दलही एक शब्द. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखान्याचे स्ट्रेप्टोसायक्लीन महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे, आणि जिवाणूजन्य ठिपक्यांवर ते मारायचा सल्ला अजूनही कुणीतरी देतो. त्यातले दोन्ही घटक, स्ट्रेप्टोमायसीन आणि टेट्रासायक्लीन, माणसांच्या उपचाराची औषधे आहेत. ती शेतात उधळली की त्यांना दाद न देणारे जिवाणू तयार होतात. डिसेंबर २०२१मध्ये केंद्र सरकारने या जोडीच्या शेतीतल्या वापरावर बंदीचा मसुदा काढला तो याच चिंतेतून. गच्चीवर त्यांचे काहीच काम नाही.

भुरी पटकन सांगून टाकतो. पानावर पिठूळ पांढरे आणि वर पिवळे चट्टे, कोरड्या थंडीत. बाधित पाने काढा, पाण्यात विरघळणारे गंधक लिटरला दोन ग्रॅम, भर उन्हात मात्र नाही. आंबट ताकाची फवारणी शेतकरी करतात; सुरुवातीला केली तर काही प्रमाणात उपयोग होतो.

आता विषाणू. इथे बाटलीचा काहीच उपयोग नाही, हे आधीच मान्य करून पुढे वाचा.

गच्चीवर सर्वांत जास्त दिसतो तो पर्णगुच्छ, म्हणजे लीफ कर्ल. शेंड्याची पाने बारीक होतात, वरच्या बाजूला वळतात, कडा पिवळसर, पेरे आखूड, सारा शेंडा गुच्छासारखा. रोप खुजे राहते, फुले येतात आणि गळतात. हे पांढरी माशी आणते. रोप हलवले की पिठासारखे पांढरे कण उडतात, तीच. रोप लहान असताना लागण झाली तर फळाची आशा सोडा. फळे धरल्यावर झाली तर ती फळे पिकवून घ्या, मग रोप काढा. काढतानाही पद्धत आहे. आधी साबणाचे पाणी फवारून माश्या भिजवा, वरून पिशवी चढवा, मग बुंध्यातून कापा. तसेच उपटले तर माश्या उठून शेजारच्या कुंडीवर बसतात आणि विषाणू बरोबर नेतात. समाधानाची एक बाब: हा रोग मुख्यतः माशीनेच पसरतो, मातीतून नाही, म्हणून ती माती फेकण्याची गरज नाही.

माशी येते कुठून? बहुतेक वेळा आपल्याच जास्वंदीवरून, नाहीतर सोसायटीच्या भिंतीकडेच्या गाजरगवतावरून. हे गवत देशात पहिल्यांदा ठळकपणे लक्षात आले ते पुण्यातच, १९५५च्या सुमारास, आणि आज त्याने देश व्यापला आहे. टोमॅटोच्या अनेक विषाणूंना आणि फुलकिड्यांना ते आसरा देते. कुंड्यांच्या आसपासचे गाजरगवत फुलण्याआधी उपटा. कुंड्यांत पिवळे चिकट सापळे लावा. पिवळ्या पुठ्ठ्यावर एरंडेल फासले तरी चालते. रोप लावल्यापासून पहिला महिनाभर मच्छरदाणीच्या कापडाखाली ठेवता आले तर निम्मी लढाई जिंकली.

शेंड्याची पाने तांबूस-काळी पडून करपली आणि फळांवर फिकट वर्तुळे उमटली तर तो फुलकिड्यांनी आणलेला विषाणू. पाने दोरीसारखी अरुंद झाली तर मावा तपासा; काकडीच्या मोझॅक विषाणूची ती खूण आहे. हाच विषाणू २०२०च्या उन्हाळ्यात नगर, पुणे, नाशिक, सातारा भागांत गाजला. फळ एकसारखे पिकेना, लाल-पिवळे-हिरवे चट्टे राहू लागले, शेतकऱ्यांनी त्याला ‘तिरंगा’ नाव दिले. बंगळूरच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेने नमुने तपासले, तेव्हा मुख्यत्वे काकडी मोझॅक विषाणू आणि जोडीला आणखी काही विषाणू सापडले. कोरोनाचे दिवस होते. हा टोमॅटोचा विषाणू माणसालाही होतो अशी आवई उठली आणि आधीच गांजलेल्या शेतकऱ्यांचा माल पडून राहिला. वनस्पतींचे हे विषाणू माणसाला बाधत नाहीत. चट्टेदार टोमॅटोची कोशिंबीर बेचव लागेल, अपाय होणार नाही.

एक विषाणू मात्र हातांनी पसरतो, तंबाखूचा मोझॅक. पानांवर गडद-फिकट हिरव्याची नक्षी. १८९०च्या दशकात जगाला पहिल्यांदा कळलेला विषाणू तो हाच, आणि सुक्या तंबाखूतही तो तग धरतो. तेव्हा तंबाखू मळणाऱ्या, मिश्री लावणाऱ्या, विडी-सिगारेट ओढणाऱ्या हातांनी साबण लावल्याशिवाय टोमॅटोची बगलफूट खुडू नये. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे सांगणे अवघड जाते, पण सांगा.

किडींत एक पाहुणी लक्षात ठेवण्यासारखी. पानावर पांढरट, रुंद, फुग्यासारखे चट्टे आणि आत बारीक हिरवी अळी असेल तर ती दक्षिण अमेरिकेतून आलेली टुटा नागअळी. भारतात ती पहिल्यांदा २०१४मध्ये महाराष्ट्रातच आढळली. साधी नागअळी पांढऱ्या वेड्यावाकड्या रेघा काढते, ती फारशी घातक नाही. दोन्हींत बाधित पाने चिरडून टाका. पाच टक्के निंबोळी अर्क इथे कामाचा: ५० ग्रॅम निंबोळ्या कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्यातून गाळा, चिमूटभर साबण घाला, संध्याकाळी फवारा. हा अर्क मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांनाही आवरतो. पण अर्धा तास आधी रोपावर मधमाश्या नाहीत ना ते पाहा.

शंका उरलीच तर शिवाजीनगरचे कृषी महाविद्यालय आहे. १९०७ पासून उभ्या असलेल्या या महाविद्यालयात वनस्पती रोगशास्त्राचा विभाग आहे, आणि स्वारगेटहून मेट्रोने शिवाजीनगर एकाच गाडीत गाठता येते. आधी चौकशी करून जा. सुकून गेलेले एक पान नेऊ नका. त्यातून कुणालाच काही सांगता येत नाही. अर्धवट आजारी रोप मुळांसकट, मुळांची माती वेगळ्या पिशवीत, पाने वर्तमानपत्रात गुंडाळून न्या. ओल्या प्लास्टिकमध्ये तीन तासांत सगळेच कुजते आणि कुजीत मूळ रोग लपतो. फोनवर छायाचित्रे पाठवायची असतील तर तीन काढा: पूर्ण रोप, पानाची पुढची बाजू, पानाची पाठ.

जुन्या मातीचे काय करायचे हा प्रश्न मे महिन्यावर सोडा. मर आणि करप्याची माती ओली करून पारदर्शक प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून चार ते सहा आठवडे गच्चीवरच्या उन्हात ठेवली तर तिच्यातले बरेचसे रोगजंतू मरतात. नंतर शेणखत आणि ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी मिसळा, आणि निदान एक हंगाम तिच्यात वांगी, मिरची, बटाटा, टोमॅटो यांपैकी काही लावू नका. मेथी, कोथिंबीर, घेवडा चालेल. रोगट रोपे घरच्या कंपोस्टात घालू नका. घरच्या टोपलीत ढीग पुरेसा तापत नाही आणि रोगजंतू टिकून राहतात. ती बांधून ओल्या कचऱ्यात द्या.

पुढच्या खेपेला बी सप्टेंबरात टाका, ऑक्टोबरात रोप लावा. अर्का रक्षक हा बंगळूरचा संकरित वाण पर्णगुच्छ, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना दाद देत नाही. संकरित असल्याने घरचे बी धरू नका, दरवर्षी नवे घ्या. उशिरा येणाऱ्या करप्यापासून मात्र त्याला संरक्षण नाही. तेव्हा डिसेंबरात आभाळ भरून आले की चहा होईपर्यंतच्या वेळात गच्चीवर जा आणि खालची चार पाने उलटून पाहा.